राजाला पोचव

शनिवार, १४ जून २०२५

पेट्या उघडल्या. सहाच्या सहा! जानेवारीत हे गेले, त्यानंतर कुणी हात लावला नव्हता. यंदा घरात बाहुल्यांचा कोलू नाही. मयताचं वर्ष, त्यामुळे नवरात्रात पायऱ्या मांडायच्या नाहीत, बाहुल्या बाहेर काढायच्या नाहीत. आणि काढल्या त्या कशाला? विकायला!

लिलाव कंपनीची मुलगी आली होती. श्रीरंजनी. तिशीची असेल. पांढरे हातमोजे घालून एकेक बाहुली उचलत होती. पन्रुटीच्या मातीच्या बाहुल्या, तंजावरच्या मान डोलावणाऱ्या, सासूबाईंच्या माहेरचे कागदाच्या लगद्याचे दशावतार, काचेवरची चित्रं, आणि ह्यांनी चाळीस वर्षं हिंडून जमवलेल्या जर्मन चिनीमातीच्या मडमा. दोनशे बारा नग. प्रत्येकाचं कार्ड ह्यांनी लिहून ठेवलेलं — कुठून आणली, कधी, कुणाच्या घरची. गिंडीत लेथचं वर्कशॉप चालवणारा माणूस, पण अक्षर कसं सुरेख! कॅटलॉगवर 'गुरुमूर्ती कलेक्शन' असं छापणार म्हणे. ऐकायला हवे होते.

पोरगी तंजावरच्याच मराठी घरातली निघाली. "मामी, हे अस्की तुमचेच?" अस्की म्हणजे सगळे. लग्न होऊन मिरजेहून इथं मद्रासला आले तेव्हा ह्यांच्या घरचं मराठी ऐकून पदर तोंडात कोंबून हसले होते मी. आता कुणी तेवढं बोललं तरी जिवाला बरं वाटतं.

मग तिनं शेवटची पेटी उघडली आणि ओरडलीच. राजा-राणी! वीतभर उंचीचे, रक्तचंदनाचे. इथं मरप्पाची म्हणतात. लेक सासरी निघाली की आई हे जोडपं तिच्या ओटीत घालते. ह्या घरात सात पिढ्या तसंच चालत आलं. श्रीरंजनी म्हणे, "मामी, कव्हरवर हेच."

प्राणेश खूश झाला. मैलापूरचं हे घर बिल्डरला दिलंय, दोन खोल्यांच्या फ्लॅटात दोनशे बाहुल्या ठेवायच्या कुठं, हा त्याचा प्रश्न. बरोबरच आहे पोराचं. मी कॉफी करायला आत गेले. दूध उतू गेलं तरी कळलं नाही.

रविवार, १५ जून

लिहून टाकू? वाचणार कोण! ह्या घरात देवनागरी येते कुणाला? प्राणेश मराठी बोलतो, पण वाचायला दिलं तर 'अ' ओळखणार नाही.

तर लिहिते. ते जोडपं आमचं नाही. वसंताचं आहे.

सोमवार, १६ जून

वसंता म्हणजे ह्यांची धाकटी बहीण. मद्रासजवळच्याच कोवलमच्या शाळेत शिकवायला जायची. १९८७ साली तिथल्याच रंगाशी लग्न करून मोकळी झाली. रंगाच्या बापाच्या मासेमारीच्या दोन बोटी होत्या. आणि हे घर कसलं, तर शेजारी मासळी तळली तरी खिडक्या लावून घेणारं! सासऱ्यांनी लेकीच्या नावानं आंघोळ केली. जिवंत लेकीच्या! ह्यांनी भिंतीवरचा तिचा फोटो उतरवला. आणि मी? बघत उभी होते. परघरची मी, मला काय बोलता येणार? पण खोटं कशाला लिहू, बरंच वाटलं होतं मला. तीन वर्षं "वसंता भात कसा मोकळा करते, वसंता रांगोळी कशी काढते" — ऐकून कान किटले होते.

दरवर्षी राजा-राणीला नवी वस्त्रं लागायची. रेशमाचे लहान तुकडे, जर. ह्या घरची रीत अशी, की जुन्यावर नवं नेसवायचं. आतलं काढायचं नाही, बाहुल्यांना उघडं करायचं नाही. आणि नेसवायचं काम घरच्या लेकीचं. "सुनेचा हात नको." हे सासूबाई अगदी गोड आवाजात सांगायच्या. लेक गेली तर स्वतः नेसवायला बसल्या. संधिवातानं बोटं वाकडी झाली तरी मला हात लावू दिला नाही.

२००३ साली त्या गेल्या. आदल्या दिवशी माझं मनगट धरलं. एवढा जोर कुठून आला कोण जाणे! म्हणाल्या, "राजाला वसंताकडे पोचव." मी "हो आई" म्हटलं.

पोचवलं नाही.

स्वतःला सांगत आले — ह्यांना राग येईल, आपल्याला पत्ता ठाऊक नाही. पत्ता चांगला ठाऊक होता! कोवलमच्या बस स्टँडमागे रंगाचं बर्फाचं गोदाम, शेंबडं पोरही दाखवील. मी दिलं नाही, कारण मला द्यायचं नव्हतं. वीस वर्षं जे लांबून बघितलं ते पहिल्यांदा हातात आलं होतं. मग सोडते की काय! पुढं एकवीस नवरात्रं मी त्यांना नेसवलं. माझ्या हातानं.

एवढ्यावर थांबलं असतं तर एक वेळ चाललं असतं. पुढचं उद्या.

मंगळवार, १७ जून

नाही लिहवत.

गुरुवार, १९ जून

जानेवारी २००५. त्सुनामीत समुद्र आत आला त्याला तीन आठवडे झाले असतील. दुपारची वेळ. हे वर्कशॉपला, प्राणेश कॉलेजला. बेल वाजली. जाळीच्या दारापलीकडे वसंता. सतरा वर्षांनी! काळवंडलेली, केस कसेतरी बांधलेले, पायात रबरी चपला. छातीशी एक कापडी पिशवी धरलेली.

म्हणाली, "वैनी, राजा आहे का हो अजून घरात?"

माझ्या मागे देवघर. त्यात ते दोघे उभे. मी दार उघडलं नाही. दारात अशी उभी राहिले की आतलं दिसू नये. आणि म्हणाले, "वाळवी लागली गं. दोघांनाही. टाकून दिले."

तिनं माझ्याकडे बघितलं. "बरं" म्हणाली. तेवढंच. आणि पायऱ्या उतरून गेली.

तिचं घर राहिलं की गेलं, माणसं धड आहेत ना, काही विचारलं नाही मी. त्या दिवसांत रस्त्यावरची बाईसुद्धा दुसऱ्या बाईला विचारत होती! घोटभर पाणी दिलं नाही. संध्याकाळी हे आले तेव्हा मी काहीच बोलले नाही.

आणि आता ती वाळवी लागलेली बाहुली रंगीत कव्हरवर छापणार. सगळ्या मद्रासला दिसणार!

शनिवार, २१ जून

पेट्या गेल्या. चार माणसं, एक टेम्पो. मान डोलावणारी नर्तकी वर्तमानपत्रात गुंडाळताना शेवटपर्यंत "नको नको" करत होती. मला हसू आलं आणि मग रडू. प्राणेश म्हणाला, "अम्मा, सिट डाउन." बसले.

शनिवार, २८ जून

श्रीरंजनीचा फोन आला. फोटोसाठी राजा-राणीची वस्त्रं उतरवावी लागतील, उघडं लाकूड दिसलं तरच जाणकार किंमत करतात. काढू का? मी म्हटलं, थांब. परक्या हातानं नको, मी येते. सुनेचा हात नको म्हणणारी बाई वर बसून बघत असेल तर बघू दे!

आळ्वारपेटला त्यांचं ऑफिस आहे. थंडगार खोली, पांढरं टेबल, वर मोठा दिवा. मी राजापासून सुरुवात केली. वरचे थर माझे. मोरपंखी, डाळिंबी, प्राणेशच्या मुंजीतल्या माझ्या शालूचा तुकडा. ह्यांच्या साठीचा जर. मग सासूबाईंचे. मग वसंताचे. तिची टाच बारीक, लगेच ओळखू येते, टोचून बोलावं तशी. आणखी खाली गेलं तर कापड एकमेकांना चिकटून पुठ्ठा झालेलं. साठाच्या वर थर मोजले श्रीरंजनीनं. मग लाकूड दिसलं. काळपट तांबडं, तुळतुळीत. उजव्या हाताला कोपराजवळ दातांचे व्रण. ते ऐकून माहीत होते मला. तान्ह्या वसंताला दात येताना राजाचा हात चावायला दिला होता. श्रीरंजनीनं भिंग लावून बघितलं. "मामी, दीडशे वर्षांचं तरी असेल. जास्तच."

मग राणी. सदतीस थर, आणि संपले. राणी नेहमीच राजापेक्षा बारीक दिसायची. मला वाटायचं, बाईमाणूस, बारीक असणारच. तोंडावर हळदी-कुंकवाचा लेप असा घट्ट की नाक-डोळे नुसते चाचपून ओळखायचे. श्रीरंजनीनं ओल्या कापसानं तो लेप पुसला. खाली फिकं लाकूड. रंग दिलेलं. तिनं बाहुली उलटी केली. तळाला रबरी शिक्का. कुठल्याशा सहकारी संस्थेचा. साल १९८७.

पोरगी हळूच म्हणाली, "मामी, ही ती राणी नव्हे."

सत्त्याऐंशी!

रविवार, २९ जून

रात्रभर तेच. म्हातारीनं काय केलं ते आता कळलं. वसंता गेली त्या वर्षी खरी राणी तिच्या पदरात घातली. गुपचूप. दोन्ही दिली असती तर सासऱ्यांना कळलं असतं, म्हणून राजा ठेवला आणि त्याच्या शेजारी बाजारची राणी उभी केली. वर रेशीम, तोंडाला लेप. आणि नियम — उघडं करायचं नाही, सुनेनं हात लावायचा नाही! बाई गं! मला वाटायचं मला कमी लेखते. ती तर चोरी झाकत होती. लेकीसाठी.

म्हणून "राजाला पोचव". जोडप्याला नव्हे. राणी आधीच पोचली होती.

आणि वसंतानं विचारलं तेही राजाचंच.

सोमवार, ३० जून

पिशवी. छातीशी धरलेली पिशवी! वीतभर उंचीचं काहीतरी उभं होतं तिच्यात. मी बघितलं होतं तेव्हा. आता दिसतंय.

राणी घेऊन आली होती. तिला राजा हवा होता, जोडी पुरी करायला. आणि मी जाळीमागून सांगितलं — टाकून दिले.

शनिवार, ५ जुलै

जोडी नाही म्हटल्यावर प्राणेशचा चेहरा उतरला. पण श्रीरंजनी म्हणाली, एकटा राजाही कव्हरला पुरेसा आहे, इतका जुना त्यांच्याकडे कधी आलाच नव्हता. नवी राणी तिनं परत पाठवली. कपाटात ठेवली. तिच्याकडे बघवत नाही. तिचा बिचारीचा काय दोष!

शनिवार, १९ जुलै

पेपरात जाहिरात आली. पाव पान. राजा उघडा उभा, दातांच्या व्रणांसकट. मी सकाळी सहाला पेपर घडी करून गादीखाली घातला. मग स्वतःचंच हसू आलं. माझा पेपर गादीखाली घातला म्हणून कोवलमला कुणी वाचणार नाही, असं थोडंच आहे! खाई त्याला खवखवे.

दिवसभर बेल वाजली की आधी जाळीतून वाकून बघत होते. इस्त्रीवाला, दूधवाला, बिल्डरचा माणूस. ती आली नाही.

बुधवार, २३ जुलै

आज मनात आलं — आली तर बरं होईल. निदान माझं मला जावं लागणार नाही.

शनिवार, २ ऑगस्ट

प्राणेशला सांगितलं. इरुंगाट्टुकोट्टैला कामाला जातो, तिथून दमून आला होता, जेवू दिलं आणि सांगितलं. राजा लिलावातून काढ. तो आपला नाही, तुझ्या आत्याचा आहे.

"कुठली आत्या?"

तोंडात मारल्यासारखं झालं. खरंच की! तो वर्षाचा असताना वसंता गेली. मोठा झाल्यावर एकदा जुन्या अल्बममध्ये बघून विचारलं होतं त्यानं, तेव्हा हे म्हणाले होते, "ती वारली." मी तिथंच भाजी चिरत होते.

सगळं सांगितलं. म्हातारीचं, जाळीच्या दाराचं, वाळवीचं. तो ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, "अडतीस वर्षं मला एक आत्या होती. बसनं तासाभरावर. आणि तुम्ही दोघांनी मिळून तिला मारून टाकलंत." हे तमिळमध्ये बोलला. फार राग आला की तमिळमध्येच बोलतो. मग म्हणाला, काँट्रॅक्ट झालंय, कव्हरवर छापलंय, लोक बाहेरून यायचे आहेत, आता काही होणार नाही. आणि "तुला आता आठवलं? आता?"

ताट उचलून आत गेला.

गुरुवार, १४ ऑगस्ट

मीच गेले आळ्वारपेटला. मालक म्हणून कागदावर सही माझी आहे, पोराची नाही. श्रीरंजनीला म्हटलं, राजा परत दे. ती घाबरली. साहेब ओरडतील, नुकसानभरपाई भरावी लागेल, मामी विचार करा. मी म्हटलं, मुली, बावीस वर्षं विचारच करतेय.

तिनं विचारलं, "कुणाला देणार?" मी म्हटलं, "जिच्या दातांचे व्रण आहेत तिला." ती उठली. मग फॉर्म आणून दिला. मी सही करत होते तेव्हा म्हणाली, "माझ्या आजीचं जोडपं काकांनी मोडीत घातलं. आईला मिळालंच नाही." तिनं स्वतः राजाला मलमलीत गुंडाळून दिलं. रिक्षात मांडीवर घेऊन आले. लाकूड असून केवढं जड!

प्राणेश बोलत नाही. त्याची बायको डबा भरता भरता ताट वाजवून मला जेवायला बोलावते. चालेल.

शनिवार, २३ ऑगस्ट

लिलाव झाला. हॉटेलचा हॉल, लाल खुर्च्या. जायला नको होतं. एका सकाळीत सगळं संपलं! ह्यांची चाळीस वर्षं, त्याआधीची म्हातारीची साठ. मडमा एका रिसॉर्टनं उचलल्या, लॉबीत ठेवणार म्हणे. काचेवरचा बाळकृष्ण कुणी फोनवरून घेतला, त्याचं नावही कळलं नाही. दशावतार फोडले! दहा एकत्र घ्यायला कुणी तयार होईना, म्हणून एकेक करून विकले. नरसिंह लगेच गेला. वामनावर दोघं भांडले. कासव कुणीच घेतलं नाही. हातोडा वाजला आणि एक माणूस त्याला बगलेत मारून मागे घेऊन गेला.

मागच्या रांगेत कुणीतरी कुरकुरत होतं — कव्हरवरची वस्तू काढून घेतली, ही काय रीत झाली! प्राणेशची मान खाली होती. माझ्यामुळे पोराला मान खाली घालावी लागली, ह्याचं वाईट वाटलं. राजा दिला नाही, ह्याचं नाही वाटलं.

सगळ्यांची कार्डं मात्र बाहुल्यांबरोबर गेली. ह्यांचं अक्षर आता दोनशे घरांत.

रविवार, २४ ऑगस्ट

उद्या जाते कोवलमला.

सोमवार, २५ ऑगस्ट

पाय दुखतोय. उद्या.

गुरुवार, २८ ऑगस्ट

पाय कसला दुखतोय! भित्री आहे मी, दुसरं काही नाही. म्हातारी झाले तरी दारामागं लपायची खोड जात नाही.

शनिवार, ३० ऑगस्ट

जाऊन आले! देवा, जाऊन आले!

तिरुवान्मियूरला बस बदलली. राजा पिशवीत, पिशवी छातीशी. निम्म्या वाटेत लक्षात आलं, ती अशीच आली होती. उतरावंसं वाटलं. नाही उतरले.

घर नवं आहे, दोन खोल्यांचं, समुद्रापासून जरा आत. रंगा ओसरीवर बसला होता, केस पांढरेशुभ्र. मला ओळखलं नाही, तरी "वांग, वांग", म्हणजे या या, करून खुर्ची पुढे केली. मग ती बाहेर आली. जाड झालीय. चष्मा. शाळेतून निवृत्त झाली. मला बघून दारातच थांबली. मला वाटलं, आता दार लावील. तिचा हक्कच होता! तर म्हणाली, "वैनी? उन्हाचं कशाला आलात? आत या, बसा."

पाणी दिलं. आधी पाणी दिलं मला.

मी पिशवीतून राजा काढून तिच्या मांडीवर ठेवला. मलमल सोडली. तिनं बघितलं, हात लावला नाही. मग अंगठा त्या व्रणांवर नेला. तिथंच ठेवला.

मी म्हटलं, "वसंता, वाळवी लागली नव्हती."

"नव्हती?"

"खोटं बोलले मी. तू आलीस तेव्हा आतच होता. माझ्या पाठीमागे."

"कधीच लागली नव्हती?" तिनं परत विचारलं. लहान मुलाला विचारावं तसं.

"कधीच नाही गं."

ती उठून आत गेली. नळाचा आवाज येत राहिला. मी आणि रंगा बसलो. त्याला आमचं बोलणं कळलं नव्हतं, तो राजाकडे बघून नुसता मान हलवत होता. बाहेर आली तेव्हा तोंड धुतलेलं, डोळे लाल. मी तिचे पाय धरायला वाकले, वयानं मोठी असून. तिनं धरू दिले नाहीत. रागावली नाही. एक शब्द वाईट बोलली नाही. कॉफी केली, मला तूप घालून भात वाढला, पान वेगळं काढून, माझं सोवळं अजून लक्षात ठेवून! ह्यांचं कळलं होतं तिला, पेपरात वाचलं होतं. "अण्णाला शेवटी त्रास झाला का?" म्हणून विचारलं.

निघताना मी म्हटलं, "वसंता, राणी बघू दे की एकदा. खरी राणी मी कधी बघितलीच नाही." ती राजाला मलमलीत गुंडाळत होती. म्हणाली, "नवरात्राला या वैनी. पहिल्या दिवशी. तेव्हा."

जोडी मांडूनच दाखवणार असेल. मांडू दे! मी ताठ बसून परत आले. मोकळं मोकळं वाटतंय. प्राणेशला सांगितलं. तो "हं" म्हणाला, पण मग विचारलं, "आत्या दिसते कशी?" म्हटलं, तुझ्यासारखं नाक. बशीतला एक वडा माझ्या पानात टाकला त्यानं. चार आठवड्यांनी.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

रेशमाचे दोन तुकडे शिवले. हिरवे, तांबड्या काठाचे. टाचा बारीक घातल्यात, वसंतासारख्या. डोळे दुखले. सासूबाई, बघा! सुनेनंच पोचवला तुमचा राजा. उशिरा का होईना.

सोमवार, २२ सप्टेंबर

घटस्थापना. कोवलमला जाऊन आले.

पाच पायऱ्या मांडल्या होत्या. सगळ्यात वर राजा, एकटा. शेजारी पाण्यानं भरलेला तांब्या.

मी विचारलं, राणी?

वसंता वाती वळत होती. वर बघितलं नाही. "वैनी, त्या दिवशी मी राजा न्यायला नव्हते आले. आमचं छप्पर गेलं होतं. पाणी आलं तेव्हा राणीलाच तेवढं उचलून पळाले होते. तुमच्याकडे ठेवायला आणली होती. राजाशेजारी राहील म्हणून." मग म्हणाली, "तुम्ही म्हणालात, टाकला. जोडीतलं एकटं बाहुलं घरात ठेवू नये, आई सांगायची. बोटी फुटल्या होत्या. मीच तिला घेऊन कमरेएवढ्या पाण्यात गेले, त्याच संध्याकाळी. रक्तचंदन ना. लगेच बुडाली."

राजाला नेसवलं. मीच नेसवलं, तिनंच सांगितलं, तुम्ही नेसवा.

दोन तुकडे नेले होते. एक परत आणलाय.